एडगर कॉड: डीबीएमएसच्या पेपरातल्या बारा नियमांमागचा माणूस

तुम्ही बीसीए, बीएस्सी आयटी किंवा बीबीए (सीए) करत असाल, तर डीबीएमएसच्या पेपरात एक प्रश्न कधी ना कधी समोर येतोच: कॉडचे बारा नियम लिहा. आपण काय करतो? आदल्या रात्री नियम पाठ करतो, सकाळी पेपरात उतरवतो आणि संध्याकाळपर्यंत विसरून जातो. नॉर्मलायझेशनचंही तेच. पण हा कॉड म्हणजे नक्की कोण, त्याने हे नियम कुणासाठी लिहिले आणि त्यावरून त्याचं कुणाशी वाजलं, हे पुस्तकात सहसा सापडत नाही.

आज आपण त्याच माणसाची गोष्ट पाहणार आहोत. ती वाचल्यावर नियम पाठ करायची गरज बरीच कमी होईल, कारण ते नियम कशातून आले हे कळेल. आणि हो, तुमच्या हातातल्या फोनमध्येही या माणसाचं काम रोज चालू असतं. ते कसं, हेही शेवटी पाहू.

पोर्टलंडचा मुलगा

एडगर फ्रँक कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडमध्ये झाला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात पोर्टलंड नावाचं बेट आहे, तिथला. वडिलांचा चामड्याच्या वस्तूंचा व्यवसाय, आई शाळेत शिक्षिका. सात भावंडांत एडगर सगळ्यात धाकटे. जवळचे लोक त्यांना टेड म्हणायचे.

शाळा पूल ग्रामर स्कूल. तिथून ते ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात गेले, तेही स्कॉलरशिपवर. विषय होते रसायनशास्त्र आणि गणित. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलेलं. विद्यार्थी म्हणून त्यांना सैन्यात जाणं लांबवता आलं असतं, पण ते स्वतःहून ब्रिटिश हवाई दलात भरती झाले. तिथे कोस्टल कमांडमध्ये त्यांनी संडरलँड जातीची विमानं चालवली. ही प्रचंड मोठी विमानं पाण्यावर उतरायची आणि समुद्रावर गस्त घालायची. विमान उडवण्याचा नाद त्यांना इथेच लागला आणि तो पुढेही सुटला नाही.

युद्ध संपल्यावर ते पुन्हा ऑक्सफर्डला आले आणि गणिताची पदवी पूर्ण केली. १९४८ साली त्यांनी अमेरिका गाठली.

शर्ट विकणारा गणिती

न्यूयॉर्कमध्ये उतरल्या उतरल्या मोठी नोकरी मिळाली असं काही झालं नाही. काही दिवस त्यांनी मेसीज या प्रसिद्ध दुकानात पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात विक्रेत्याचं काम केलं. मग टेनेसी विद्यापीठात थोडे महिने गणित शिकवलं. १९४९ साली ते आयबीएममध्ये लागले, गणित जाणणारा प्रोग्रामर म्हणून.

तेव्हा कॉम्प्युटर सायन्स नावाची पदवी कुठेच मिळत नव्हती. गणित येणारी माणसं पकडून त्यांनाच प्रोग्रामिंग करायला लावायचे. कॉड यांना काम मिळालं ते एसएसईसी नावाच्या यंत्रावर. आयबीएमने हे अवाढव्य यंत्र न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर असं मांडलं होतं, की फुटपाथवरून जाणाऱ्यांना ते काचेतून दिसायचं. हजारो व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले असलेलं हे यंत्र आजच्या स्वस्तातल्या फोनपुढेही काहीच नाही. पण त्या काळी लोक थांबून बघत राहायचे.

पुढे आयबीएम ७०१ या कॉम्प्युटरच्या रचनेतही त्यांचा हात होता. पण १९५३ मध्ये ते अमेरिका सोडून कॅनडात, ओटावाला गेले. कारण राजकीय होतं. तेव्हा अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली लोकांच्या मागे चौकशांचा ससेमिरा लावला होता. हा प्रकार कॉड यांना पटण्यासारखा नव्हता. चांगली चाललेली नोकरी सोडून ते निघून गेले. चार वर्षं कॅनडात काढून १९५७ मध्ये ते परतले आणि पुन्हा आयबीएममध्येच रुजू झाले. न पटलेलं मुकाट्याने गिळायचं नाही, हा स्वभाव पुढेही दिसणार आहे.

परतल्यावर त्यांनी स्ट्रेच या सुपरकॉम्प्युटरवर काम केलं. एका मशीनवर एकाच वेळी अनेक प्रोग्राम कसे चालवायचे, हा त्यांचा प्रश्न होता. याला मल्टिप्रोग्रामिंग म्हणतात. तुम्ही गाणं ऐकत ऐकत चॅट करता आणि मागे एखादी फाइल डाउनलोड होत असते, त्याचं मूळ अशा कामांत आहे.

नोकरी करून पुन्हा कॉलेजात

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कॉड यांच्याकडे अनुभव होता, मोठ्या कंपनीतली नोकरी होती. तरी ते पुन्हा विद्यार्थी झाले. आयबीएमच्या स्कॉलरशिपवर ते मिशिगन विद्यापीठात, अॅन आर्बरला गेले आणि १९६५ मध्ये पीएचडी मिळवली. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

त्यांचा विषय डेटाबेस नव्हताच. आलेखाच्या वहीतल्यासारखे चौकोन घ्या. प्रत्येक चौकोन शेजाऱ्यांकडे बघून ठरलेल्या नियमाने आपली अवस्था बदलतो. अशा चौकोनांतून स्वतःचीच नक्कल काढणारं यंत्र तयार होऊ शकतं का? गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी ते होतं हे दाखवलं होतं, पण त्यांना प्रत्येक चौकोनासाठी २९ अवस्था लागल्या. कॉड यांनी तेच काम ८ अवस्थांत करून दाखवलं.

गुंतागुंतीची गोष्ट घ्यायची आणि तिच्यातलं अनावश्यक सगळं काढून टाकायचं, ही त्यांची पद्धत इथे स्पष्ट दिसते. हीच पद्धत त्यांनी नंतर डेटाला लावली.

तेव्हाचा डेटाबेस म्हणजे काय प्रकरण होतं?

१९६० च्या दशकाच्या अखेरीस कॉड कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात आले. बँका, विमा कंपन्या, कारखाने, सरकारी खाती, सगळे तेव्हा कॉम्प्युटरवर माहिती साठवू लागले होते. पण ती माहिती बाहेर काढणं म्हणजे डोकेदुखी होती.

आयबीएमचंच आयएमएस नावाचं सॉफ्टवेअर घ्या. ते अपोलो चांद्रमोहिमेच्या निमित्ताने तयार झालं. चंद्रावर जाणाऱ्या रॉकेटमध्ये लाखो सुटे भाग होते, त्यांची यादी सांभाळायची होती. आयएमएसमध्ये माहिती झाडासारखी ठेवलेली असायची. वर रॉकेट, त्याखाली त्याचे टप्पे, त्याखाली इंजिन, त्याखाली नटबोल्ट. रॉकेटच्या यादीसाठी हे झकास होतं.

पण प्रश्न उलटा आला की पंचाईत. समजा विचारलं, की अमुक पुरवठादाराकडून आलेले बोल्ट कुठल्या कुठल्या इंजिनात बसवलेत? मग झाडाच्या शेंड्यापासून सुरुवात करून फांदी फांदी फिरत खाली यायचं. ते फिरणं प्रोग्रामरने स्वतः कोडमध्ये लिहायचं. म्हणजे साध्या प्रश्नासाठीही वेगळा प्रोग्राम, आणि तो लिहिणारा माणूस मोकळा होईपर्यंत साहेब वाट बघत बसणार.

दुसरा प्रकार नेटवर्क डेटाबेसचा. त्यात झाडाऐवजी जाळं असायचं. एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे जाणारे दुवे, म्हणजे पॉइंटर. त्याचे मोठे पुरस्कर्ते होते चार्ल्स बाकमन. जाळं झाडापेक्षा लवचिक होतं, पण वाट शोधत फिरायचं काम इथेही प्रोग्रामरचंच.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. माहिती डिस्कवर कशी मांडली आहे हे प्रोग्रामला माहीत असावं लागायचं. उद्या ती मांडणी बदलली, की जुने प्रोग्राम कोसळले. ते पुन्हा लिहायचे, पुन्हा तपासायचे. कंपन्यांचा कितीतरी पैसा आणि माणसांचा वेळ यातच जायचा.

अकरा पानांचा पेपर

कॉड यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. माहिती मागणाऱ्याला ती कुठे आणि कशी ठेवली आहे हे का माहीत असावं? त्याने फक्त काय हवं ते सांगावं. कसं आणायचं ते मशीनने बघावं.

यासाठी त्यांनी गणितातली रिलेशन ही कल्पना घेतली. आपल्या भाषेत टेबल म्हणा. सगळी माहिती टेबलांमध्ये ठेवायची. एका ओळीत एक नोंद, एका रकान्यात एका प्रकारची माहिती. दोन टेबलांचा संबंध पॉइंटरने जोडायचा नाही. दोन्हीकडे असलेल्या समान किमतीने जोडायचा. जसा तुमचा रोल नंबर निकालाच्या टेबलातही असतो आणि फीच्या टेबलातही. झालं, जोडणी तयार. ओळी कुठल्या क्रमाने ठेवल्या याला महत्त्व नाही, डिस्कवर कुठे पडल्या आहेत यालाही नाही.

१९६९ मध्ये हे त्यांनी आयबीएमच्या अंतर्गत अहवालात लिहिलं. जून १९७० मध्ये एसीएम या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या संस्थेच्या कम्युनिकेशन्स या नियतकालिकात त्यांचा पेपर छापून आला. लांबी जेमतेम अकरा पानं. आज तुम्ही ज्याला रिलेशनल मॉडेल म्हणता, ते हेच.

नॉर्मलायझेशन कशासाठी?

आता ज्या धड्याला सगळे घाबरतात त्याकडे वळू. समजा तुमच्या कॉलेजने एकच मोठं टेबल केलं. रकाने असे: विद्यार्थी क्रमांक, विद्यार्थ्याचं नाव, विषय, शिक्षक, शिक्षकांचा मोबाइल नंबर. एका विषयाला एकच शिक्षक आहेत असं धरू.

डीबीएमएस घेतलेले ६० विद्यार्थी आहेत. म्हणजे सरांचा नंबर ६० ओळींत आला. सरांनी सिम बदललं. क्लार्कने ५९ ठिकाणी नंबर बदलला, एक राहून गेला. आता कॉम्प्युटर सांगतो की सरांचे दोन नंबर आहेत. खरा कुठला? कुणालाच माहीत नाही.

दुसरी गंमत. एक ऐच्छिक विषय फक्त एकाच विद्यार्थ्याने घेतला होता. त्याने कॉलेज सोडलं, त्याची ओळ काढून टाकली. त्याबरोबर तो विषय कोण शिकवतं ही माहितीही गेली.

तिसरी. पुढच्या वर्षी नवा विषय सुरू होतोय, मॅडमही ठरल्या आहेत. पण अजून एकाही विद्यार्थ्याने प्रवेश घेतलेला नाही. मग ओळीत विद्यार्थी क्रमांक काय लिहिणार? मॅडमची नोंदच करता येत नाही.

पुस्तकात यांनाच अपडेट, डिलीट आणि इन्सर्ट अॅनॉमली म्हणतात. उपाय काय? एका टेबलात एकाच गोष्टीची माहिती ठेवायची. विद्यार्थ्यांचं वेगळं टेबल. शिक्षक आणि त्यांचे नंबर यांचं वेगळं. कुठला विषय कोण शिकवतं याचं वेगळं. कुठल्या विद्यार्थ्याने कुठला विषय घेतला याचं वेगळं. आता सरांचा नंबर एकाच जागी आहे. बदलला की बदलला.

हे करण्याच्या पायऱ्या म्हणजेच नॉर्मल फॉर्म. एका चौकटीत एकच किंमत, हा पहिला. वरच्या टेबलात ओळ ओळखण्यासाठी विद्यार्थी क्रमांक आणि विषय दोन्ही लागतात, पण विद्यार्थ्याचं नाव एकट्या क्रमांकावरून ठरतं. असं अर्धवट अवलंबून राहणं काढलं की दुसरा. सरांचा नंबर सरांवरून ठरतो आणि सर काही त्या टेबलाची की नाहीत. हे काढलं की तिसरा. पहिल्या फॉर्मची कल्पना १९७० च्या पेपरातच होती. दुसरा आणि तिसरा कॉड यांनी १९७१ मध्ये मांडला. बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म १९७४ चा. त्यातले रेमंड बॉइस हे आयबीएममधले त्यांचे तरुण सहकारी. दुर्दैवाने त्याच वर्षी, अगदी ऐन तारुण्यात, त्यांचा मृत्यू झाला.

घरचेच विरोधक

इतकी चांगली कल्पना, तीही आयबीएमच्याच माणसाची. मग आयबीएमने ती लगेच उचलली असेल? मुळीच नाही. आयएमएस जोरात विकलं जात होतं. बडे ग्राहक त्यावर अवलंबून होते. चालता धंदा असताना त्याच्या मुळावर येणारी गोष्ट बाजारात आणायची कुणाला घाई असते? शिवाय अनेक जाणकारांचं मत होतं की टेबलांची कल्पना कागदावर छान आहे, पण मशीनवर ती रखडत चालेल.

कॉड गप्प बसले नाहीत. त्यांनी आपली बाजू उघडपणे मांडणं सुरू ठेवलं, आणि कंपनीच्या चालू मालावर तिच्याच माणसाने टीका करणं कुठल्याही ऑफिसात आवडत नाही. १९७४ मध्ये एसीएमच्या एका परिषदेत कॉड आणि बाकमन समोरासमोर आले. जागाही योगायोगाने अॅन आर्बर, जिथे कॉड यांनी पीएचडी केली होती. बाकमन यांना आदल्याच वर्षी कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वोच्च ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. एकीकडे प्रोग्रामरने डेटात वाट काढत फिरायचं ही विचारसरणी, दुसरीकडे फिरायचं कामच मशीनला द्यायचं ही. डेटाबेसच्या इतिहासात ही चर्चा आजही आठवली जाते.

दरम्यान सॅन होजेमध्ये सिस्टम आर नावाचा प्रयोग सुरू झाला. टेबलांचा डेटाबेस खरोखर वेगात चालू शकतो हे दाखवायचं होतं. डॉन चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी सीक्वेल नावाची भाषा तयार केली. हे नाव एका ब्रिटिश विमान कंपनीच्या ट्रेडमार्कशी जुळत असल्यामुळे बदलावं लागलं आणि उरलं एसक्यूएल. म्हणूनच आजही अर्धे लोक सीक्वेल म्हणतात आणि अर्धे एसक्यूएल.

पेपर वाचला दुसऱ्यांनी, पैसा कमावला तिसऱ्यांनी

कॉड यांचे पेपर सगळ्यांसाठी खुले होते. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग या प्राध्यापकांनी ते वाचले आणि १९७३ च्या सुमारास इंग्रेस हा प्रकल्प हातात घेतला. कोड लिहायला मोठी टीम नव्हती, विद्यार्थी होते. सेमिस्टर संपली की जुने जायचे, नवे यायचे. तरीही डेटाबेस उभा राहिला. आज तुम्ही प्रोजेक्टमध्ये पोस्टग्रेस वापरत असाल, तर तो या इंग्रेसच्याच पुढच्या पिढीतला आहे.

दुसरीकडे लॅरी एलिसन यांनी बॉब मायनर आणि एड ओट्स यांच्यासोबत १९७७ मध्ये एक छोटी कंपनी काढली. आयबीएमच्या संशोधकांनी छापलेले पेपर वाचून त्यांनी एसक्यूएल समजणारा डेटाबेस बनवला आणि १९७९ मध्ये बाजारात आणला. नाव ओरॅकल. कंपनीलाही पुढे तेच नाव मिळालं. आयबीएमचा स्वतःचा एसक्यूएल/डीएस आला १९८१ मध्ये आणि डीबी२ आला १९८३ मध्ये. म्हणजे पेपर छापून आल्यानंतर दहा-बारा वर्षांनी! कल्पना घरात जन्मली आणि दुकान शेजाऱ्याने आधी उघडलं.

आयबीएमने कॉड यांना अगदीच डावललं असंही नाही. १९७६ मध्ये त्यांना आयबीएम फेलो हा कंपनीतला मोठा मान मिळाला. १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कारही मिळाला. पण एलिसन जगातल्या सर्वात श्रीमंत लोकांच्या यादीत गेले आणि कॉड यांचं नाव पाठ्यपुस्तकात राहिलं.

साध्या भाषेत विचारा

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण ती आज जास्त महत्त्वाची वाटते. कॉड यांच्या डोळ्यांसमोर प्रोग्रामरपेक्षा कोड न येणारा माणूस होता. १९७० च्या दशकात त्यांनी रॉन्देव्हू नावाच्या प्रयोगावर काम केलं. त्यात वापरणाऱ्याने साध्या इंग्रजीत प्रश्न विचारायचा. मशीनला नीट कळलं नाही तर ते उलट प्रश्न विचारणार, तुम्हाला हे म्हणायचंय की ते? मग डेटाबेसमधून उत्तर काढणार.

आज एआय चॅटबॉटला प्रश्न टाकला की तो मागे एसक्यूएल लिहून उत्तर आणतो, असे टूल आपण सर्रास पाहतो. कॉड यांनी त्या दिशेने पन्नास वर्षांपूर्वीच पाऊल टाकलं होतं.

बारा नियम, पण मोजले तर तेरा

आता येऊ आपल्या परीक्षेच्या प्रश्नाकडे. १९८० च्या दशकात रिलेशनल हा शब्द फॅशन झाला. मग काय, कंपन्या जुन्याच सॉफ्टवेअरवर नवं लेबल चिकटवून विकायला लागल्या. ग्राहकाला कळणार कसं? कॉड १९८४ मध्ये आयबीएममधून बाहेर पडले होते. १९८५ मध्ये कॉम्प्युटरवर्ल्ड या साप्ताहिकात त्यांनी दोन लेख लिहून कसोटी जाहीर केली. तेच हे बारा नियम. सोन्याच्या दुकानात हॉलमार्क बघतो ना, तसं.

मोजणी शून्यापासून सुरू होते, त्यामुळे खरं तर ते तेरा आहेत. शून्याव्या नियमाप्रमाणे सिस्टमने आपला सगळा डेटा रिलेशनल पद्धतीनेच सांभाळता आला पाहिजे. पहिला नियम सांगतो की सगळी माहिती टेबलातल्या किमतींच्याच रूपात हवी. दुसऱ्याप्रमाणे टेबलाचं नाव, प्रायमरी की आणि रकान्याचं नाव एवढं दिलं की कुठलीही किंमत मिळायलाच हवी. तिसरा नलबद्दल आहे. निकाल अजून लागला नाही म्हणजे गुण शून्य नव्हेत, माहीत नाहीत. हा फरक सिस्टमला कळला पाहिजे. आठवा म्हणतो की डिस्कवरची मांडणी बदलली तरी अॅप बिघडता कामा नये. बारावा म्हणतो की मागच्या दाराने नियम चुकवता येऊ नयेत.

आता बघा, यातला जवळजवळ प्रत्येक नियम त्या जुन्या डोकेदुखीवरचा इलाज आहे. माहिती मागणाऱ्याला आतली यंत्रणा माहीत असण्याची गरज पडू नये, एवढंच सगळे वेगवेगळ्या तोंडाने सांगतात. हे एकदा डोक्यात बसलं की नियम आठवत नाही म्हणून पेन थांबत नाही.

विशेष म्हणजे त्या वेळचे आघाडीचे डेटाबेसही या कसोटीत पूर्ण उतरले नाहीत. एसक्यूएलवरही कॉड नाराज होते. टेबलात दोन हुबेहूब सारख्या ओळी चालवून घेणं त्यांना गणिताच्या दृष्टीने चूक वाटायचं. म्हणजे जी भाषा त्यांच्या कल्पनेमुळे जगभर पोहोचली, तिच्यावरच ते शेवटपर्यंत बोट ठेवत राहिले.

शेवटची वर्षं

आयबीएम सोडल्यावर कॉड यांनी ख्रिस डेट यांच्यासोबत सल्लागार कंपनी चालवली. १९९३ मध्ये त्यांनी ओलॅप हा शब्द पुढे आणला. मोठ्या डेटाचं उलटसुलट विश्लेषण करून व्यवसायाचे निर्णय घ्यायचे, त्यासाठीचं हे तंत्र. पण या लेखावर टीकाही झाली, कारण तो आर्बर सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीसाठी लिहिला होता आणि त्यातले निकष तिच्याच मालाला सोयीचे होते. जन्मभर कंपन्यांना कसोटी लावणाऱ्या माणसावर हा आक्षेप यावा, हे त्यांच्या चाहत्यांना लागलं. तरी ओलॅप हा शब्द टिकला आणि बिझनेस अॅनॅलिटिक्सच्या सिलॅबसमध्ये तोही गेला.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडातल्या विल्यम्स आयलंड इथे कॉड यांचं निधन झालं. वय ७९. पुढच्याच वर्षी एसीएमच्या डेटाबेस विभागाने आपल्या मोठ्या पुरस्काराला त्यांचं नाव दिलं.

हे सगळं तुमच्या सिलॅबसमध्ये कसं आलं?

पदवीच्या पातळीवर इन्फर्मेशन सिस्टम्स हा विषय कसा शिकवावा, याचा आराखडा एसीएमने डिसेंबर १९७३ मध्ये छापला. कुठे? कम्युनिकेशन्समध्येच, जिथे साडेतीन वर्षांपूर्वी कॉड यांचा पेपर आला होता. तेव्हा टेबलांचा डेटाबेस बाजारात नव्हताही. तरी एक गोष्ट मान्य झाली होती: नुसतं प्रोग्रामिंग येणं पुरेसं नाही. संस्थेचा कारभार आणि तिची माहिती यांचा मेळ घालणारी माणसं पदवीपासूनच घडवायला हवीत.

पुढे ख्रिस डेट यांचं डेटाबेसवरचं पाठ्यपुस्तक १९७५ मध्ये आलं आणि कॉड यांची कल्पना जगभरच्या वर्गांत पोहोचली. आपल्याकडे अनेक कॉलेजांत वापरलं जाणारं डेटाबेस सिस्टम कन्सेप्ट्स हे जाडजूड पुस्तक आठवतंय? सिल्बरशाट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं. त्यातले एस. सुदर्शन हे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. म्हणजे पवईतूनही हा विषय जगभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत जातो. एसीएम आणि एआयएस या संस्थांच्या २०१० च्या आराखड्यात इन्फर्मेशन सिस्टम्सच्या पदवीसाठी सात मुख्य विषय आहेत, त्यात डेटा आणि माहिती व्यवस्थापन हा एक. भाषा बदलतात, फ्रेमवर्क बदलतात. हा पेपर मात्र सिलॅबसमध्ये ठाण मांडून बसला आहे.

आणि तुमच्या फोनमध्ये?

अँड्रॉइड असो की आयफोन, दोन्हीत एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस असतो. अँड्रॉइडमधले तुमचे कॉन्टॅक्ट्स आणि असंख्य अॅपची माहिती त्यात टेबलांमध्ये बसलेली असते. तुम्ही नाव टाइप करता, नंबर येतो. तो कुठल्या कोपऱ्यात साठवला आहे हे तुम्हाला कधी विचारावं लागलं? नाही ना. कॉड यांना हेच हवं होतं.

जाता जाता एक छोटं काम. डीबीएमएसचं पुस्तक उघडायच्या आधी एक कोरा कागद घ्या. तुमच्या मेसची, क्रिकेट टीमची किंवा गणेश मंडळाच्या वर्गणीची सगळी माहिती एकाच टेबलात लिहा. मग त्यात एकाचा नंबर बदलून बघा, एकाचं नाव काढून बघा, एक नवीन घालून बघा. जिथे अडाल तिथे टेबल तोडा. कागदावर जे उरेल ते बहुतेक तिसऱ्या नॉर्मल फॉर्ममध्ये असेल. त्यानंतर पुस्तकातली व्याख्या वाचा, ती ओळखीची वाटेल.

परीक्षेसाठी शुभेच्छा!